अ. पा. क.

पतपेढीच्या ठेव-पावतीवर माझ्या नावापुढे
तीन अक्षरं आहेत: अ. पा. क.
अज्ञान, पालनकर्ता दत्तात्रय खोपकर.
ठेव माझी. सही बाबांची.
अज्ञान मी होते, असं कायदा म्हणतो.
बाकी सगळ्यांना मी टिकली म्हणून ठाऊक,
रोज संध्याकाळी साडेसातला
मोठ्यांना शहाणपण शिकवणारी.

चारशे बारा भाग.
पहिल्याच वर्षी दुधाचा दात पडला
आणि सेटवर बोंब झाली,
कारण सकाळच्या सीनमध्ये तो होता.
मालाडच्या डॉक्टरने संध्याकाळपर्यंत खोटा बसवला,
बाराशे रुपये, माझ्या दिवसातून वळते.
पुढच्या आठवड्यात बिस्किटवाल्यांना
फटच हवी होती, हसताना दिसणारी.
आईने खोटा दात काढून रुमालात बांधला.
दात आणि चण्यांची ती म्हण
आमच्या घरात कुणी म्हणायचं नाही.

बाबांनी डब्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली.
माझे फोन त्यांच्या खिशात वाजायचे.
फॉर्मवर माझं वय दोन वर्षं कमी लिहायचे
आणि दर रविवारी दारामागे, चौकटीवर,
पेन्सिलने उंची मोजायचे.
रेघ वर सरकली की
त्या दिवशी जेवताना कुणी बोलायचं नाही.

मग चारकोपचा टू बीएचके.
दादाची इंजिनिअरिंगची सीट. आईच्या पाटल्या.
सात जणांची गाडी, आम्ही चौघं.
आणि महावीरनगरात 'टिकली कॅफे',
भिंतभर माझा फोटो, फटीसकट.
सोळा महिने टिकला.
तोवर रेघ पाच फूट तीनवर गेली होती.
मालिकेत टिकलीला मामाकडे सांगलीला पाठवलं,
ती अजून परतलेली नाही.

आज मी अठरा वर्षं दोन महिन्यांची.
रागाची सगळी वाक्यं रिक्षात पाठ केली होती,
पाठांतर हा माझा धंदाच.
पहिला फॉर्म फुकट गेला:
सहीच्या चौकटीत हाताने आपसूक
'टिकली' लिहिलं, खाली हसरा सूर्य.
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आधारवरचं नाव लिहा."
वेळ लागला.
ते नाव कुणी वहीवर मागितलंच नव्हतं.

मग त्यांनी जाड खतावणी उघडली.
ही ठेव प्रॉडक्शनच्या पाध्येबाईंनी
हट्टाने करायला लावलेली.
शंभरातले वीस पोरीचे, हात लावायचा नाही.
मला वाटलं होतं, पावती उरली असेल फक्त.

ठेवीवर कर्ज उचललेलं. दोनदा.
एकदा कॅफेच्या वर्षी, एकदा दादाच्या शेवटच्या.
आणि समोर फेड:
चार हजार, साडेतीन, चार, दोन,
एका महिन्यात नऊशे,
त्या वर्षांतली, जेव्हा बाबा
झोप येत नाही म्हणून रात्री गाडी घेऊन निघायचे
आणि सकाळी मागच्या सीटखाली मला
कुणाकुणाच्या बॅगांचे
विमानाचे टॅग सापडायचे.
शेवटच्या ओळीपुढे जांभळा शिक्का. बाकी निरंक.

पाठ केलेलं काहीच आठवेना.
माफ केलं, असंही नाही.
चारशे बारा संध्याकाळी
खतावणीत कुठेच जमा नव्हत्या.
मी दोनदा पानं उलटून बघितली.

बाबा बाकावर, पंख्याकडे बघत.
"वारस कोण लावायचा?"
मी त्यांचं नाव लिहिलं. नातं लिहिलं.
जन्मतारखेपाशी पेन अडलं.
"बाबा, जन्मतारीख?"
ते ताडकन उभे राहिले
आणि ऑडिशनच्या दारात सांगावी तशी
माझी सांगितली.
खरी. दोन वर्षं न कापलेली.

"तुमची हो," बाई म्हणाल्या.
ते आठवू लागले.